हात मागे

४ ऑक्टोबर

ही डायरी बहिणीच्या दुकानात उरलेली. वर्ष संपायला तीन महिने असताना डायरी कोण घेणार? पहिली नऊ महिन्यांची पानं कोरी आहेत.

"ताई, रोज संध्याकाळी येऊन वॉर्डातलं सगळं मला ऐकवतेस. अर्धं हिला सांग," ती म्हणाली.

तर सांगते. मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. एकतीस वर्षं. निवृत्तीला दीड वर्ष. चौदा खाटा. खिडकीजवळची सहा नंबरची खाट मुकादमची.

५ ऑक्टोबर

मुकादम पाच वर्षांची आहे. तिची श्वासाची वाट अरुंद आहे, म्हणून गळ्यात नळी बसवली आहे. हवा नळीतूनच आत-बाहेर जाते, त्यामुळे आवाज फुटत नाही. आठ महिने इथे आहे. आवाज नसताना वॉर्ड कसा चालवायचा हे तिने पहिल्या आठवड्यातच शोधून काढलं. तिच्याकडे एक स्टीलचा चमचा आहे. खाटेच्या दांडीवर एक ठोका म्हणजे ये. दोन म्हणजे जा. तीन म्हणजे पुन्हा. झाडणाऱ्या मावशींनी तिचं नाव मुकादम ठेवलं. डॉक्टरसुद्धा एका ठोक्यावर येतात. मावशींनी कोपरा नीट झाडला नाही तर तीन ठोके.

मला आज सकाळी एक ठोका पडला. गेले. तिला काही नको होतं. मी आले की नाही एवढंच पाहायचं होतं.

६ ऑक्टोबर

नळी दिवसातून आठ-दहा वेळा साफ करावी लागते. बारीक नळी आत घालायची, यंत्राने कफ ओढून घ्यायचा, दहा सेकंदांच्या आत बाहेर. जमलं तर काहीच नाही. नाही जमलं तर श्वास बंद.

म्हणून नियम आहे. मूल घरी पाठवायचं तर घरच्या दोघांना हे आलं पाहिजे. प्रत्येकाने सलग दहा वेळा, नर्ससमोर. नर्सने हात मागे घेऊन उभं राहायचं. तिला हात लावावा लागला तर मोजणी शून्यापासून. नियम मीच लिहिला आहे, बारा वर्षांपूर्वी.

आईने तिचे दहाही नऊ दिवसांत पुरे केले. तिला आठवा महिना लागत आला आहे. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणाआधी मुलीला घरी नेता आलं तर बरं. नाहीतर पुढचे चार महिने घरचं कुणी धड इथे येऊ शकणार नाही आणि मुकादम इथेच राहील.

आता वडिलांचे दहा.

९ ऑक्टोबर

वडील फरशी बसवतात. अंगठे जाड, भेगांमधून सिमेंट गेलेलं. आमचे सगळ्यांत मोठे हातमोजे पहिल्याच दिवशी फाटले. आणखी मोठे मागवले.

भिंतीवर दहा चौकोनांचा कागद लावला आहे. एक वेळ झाली की मुकादम एका चौकोनात चिकट चित्र लावते. बहिणीच्या दुकानातून बदकांचं पाकीट आणलं.

आज सहाव्या वेळी गळ्याची पट्टी मला सैल वाटली. बोट घालून पाहिलं. ठीक होती. पण हात लागला तो लागला. नियम म्हणजे नियम. कागदावर शून्य.

मुकादमने पाच बदकं एकेक करून सोलून काढली. एकाचं डोकं कागदावरच राहिलं.

"सिस्टर, माझं काय चुकलं?" वडिलांनी विचारलं.

"तुमचं काही नाही. मला शंका आली."

"शंका आली तर तोंडाने विचारा ना," ते म्हणाले. रागाने नाही. विटा मागवाव्यात तसं.

१२ ऑक्टोबर

वडिलांची एक सवय मला खटकते. यंत्राला हात लावण्याआधी ते मान वाकडी करून मुलीच्या गळ्याजवळ कान नेतात आणि तसेच उभे राहतात. बोटावर ऑक्सिजनचा आकडा दाखवणारं यंत्र लावलेलं आहे. त्याकडे पाहतच नाहीत. मी म्हटलं, "आकडा पाहा."

"पाहतो. पण आधी ऐकतो."

"काय ऐकता?"

"फरशी बसवली की दांड्याने ठोकून बघतो आम्ही. खाली माल नीट भरला असेल तर भरीव वाजते. हवा राहिली असेल तर पोकळ. डोळ्याला दोन्ही सारख्याच."

ही तुमची मुलगी आहे, फरशी नाही, असं ओठांवर आलं होतं. मुकादमने नेमके तेव्हा दोन ठोके दिले. मी निघाले.

वॉर्डाच्या वहीत नोंद केली: वडील आकड्याकडे दुर्लक्ष करतात.

१५ ऑक्टोबर

सातव्या वेळी उजेड कमी वाटला म्हणून मी दिवा सरकवला. सरकवताना त्यांच्या कोपराला धक्का लागला. पुन्हा शून्य.

या वेळी चांदण्या होत्या. मुकादमने सोलल्या आणि सगळ्या माझ्या ॲप्रनच्या खिशावर लावल्या. दिवसभर तशीच फिरले. सात नंबरच्या मुलाच्या आजीने विचारलं, "सिस्टर, बढती मिळाली का?"

घरी आल्यावर बहिणीने खिसा पाहिला.

"पुन्हा शून्य?"

"उजेड कमी होता."

"सकाळी अकरा वाजता?"

मी भांडी घासायला घेतली. पाठीमागून ती म्हणाली, "ताई, ती मुलगी घरी गेली की तू सकाळी एवढ्या घाईने कुणासाठी निघणार ग?"

काहीतरीच बोलते. मी एकतीस वर्षं घाईनेच निघते आहे.

१६ ऑक्टोबर

आज आईला खुर्चीवर बसवून दम दिला. पायांना सूज आहे आणि बाई दोन बस बदलून येते. "तुम्ही आता रोज येऊ नका. मी आहे ना तिच्याजवळ."

"तुम्ही आहात म्हणून तर निर्धास्त असते हो," ती म्हणाली. मग जरा वेळाने, मुलीच्या केसांतून कंगवा फिरवत, "पण मला सवय झालीय सिस्टर, इथून निघताना मागे न बघायची. ती सवय मोडायचीय मला."

केस मी सकाळीच विंचरले होते. तिने वेणी सोडून पुन्हा घातली. माझी जास्त घट्ट होती.

२० ऑक्टोबर

नववी वेळ. सगळं नीट चाललं होतं. हात धुतले, मोजे चढवले, नळी मापाने आत घातली, सहा सेकंदांत बाहेर. मुलीच्या कपाळावरून केसांची एक बट डोळ्यावर आली. मी ती मागे केली.

लक्षात आलं तेव्हा बट माझ्या बोटांत होती.

वडिलांनी यंत्र बंद केलं. नळी गुंडाळली, मोजे उलटे करून काढले, दोन्ही बरोबर क्रमाने. कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मुकादमने चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला. ठोका दिला नाही.

"सिस्टर, एक विचारू?" वडील म्हणाले. "तुमचे हात कुणी धरून ठेवले तर नियमात बसेल का?"

हसत म्हणाले. मीही हसले. वहीत लिहिलं: शून्य. कारण: केस.

२१ ऑक्टोबर

वडील आले नाहीत.

२३ ऑक्टोबर

आजही नाहीत. आईला विचारलं. म्हणाली, "घरी फरशी उखडतायत."

"आत्ता?"

"हो. खोलीतली सगळी. म्हणाले, सिस्टरना वेळ लागणार आहे तर तोवर हे करून घेतो."

मुलीजवळ हजर राहायच्या दिवसांत माणूस घरातली फरशी उखडतो. मला काय म्हणायचं होतं ते हेच. त्यांना या कामाचं गांभीर्य अजून यायचं आहे. वहीत लिहिणार होते. लिहिलं नाही. 'सिस्टरना वेळ लागणार आहे' हे शब्द दिवसभर डोक्यात फिरत होते.

मुकादमला ताप नाही. खाणं चांगलं. दुपारी मी गोष्ट सांगितली. तीन ठोके. पुन्हा सांगितली. तीन ठोके. चार वेळा सांगितली. ड्यूटी संपून पाऊण तास झाला होता.

२४ ऑक्टोबर

इन्चार्जने खोलीत बोलावलं. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. माझ्याच हाताखाली शिकली. अजून मला बाई म्हणते. समोर माझी वही उघडी होती.

"बाई, हे जरा वाचून दाखवा."

मी वाचलं. पट्टी सैल वाटली. उजेड कमी वाटला. केस.

"केस, बाई?"

"नळीत गेले असते तर?"

"कपाळावरचे?"

मी वही मिटली.

"नळी बदलायचं काम वडिलांनी डॉक्टरांसमोर दोनदा केलंय. डॉक्टर खूश आहेत. अडलंय ते साध्या साफ करण्यावर. तुमच्या हातून कधी घरी गेलेलं मूल दगावलंय का?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"मग भीती कसली?"

एकतीस वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. ती म्हणाली, "मी शिकत होते तेव्हा पहिली सुई टोचताना माझा हात इतका थरथरत होता की मूलच मला म्हणालं, सावकाश टोच. तुम्ही शेजारी उभ्या होतात. हात मागे. मला तुमचा इतका राग आला होता. पण सुई मी टोचली."

मला हे आठवतच नाही. तिचा हात थरथरत होता आणि माझे हात मागे कसे राहिले?

म्हणाली, उद्यापासून वडिलांसमोर दुसरी नर्स उभी करते. मी म्हटलं, एक संधी दे. स्वतःच्या विद्यार्थिनीकडे अशी संधी मागताना आवाज बारीक झाला.

"एकच," ती म्हणाली. "आणि आधी त्यांचं घर पाहून या. तपासणीच्या यादीत ते राहिलंय. ते का राहिलं तेही विचारणार होते."

२७ ऑक्टोबर

घर पाहून आले. दुसरा मजला, दोन खोल्या. चौदा मुद्द्यांची यादी घेऊन गेले होते. वीज, पाणी, फोन, राखीव नळ्यांची पेटी, खाटेजवळची जागा.

फरशी का उखडली ते कळलं. दोन खोल्यांच्या मध्ये उंबरठा होता, आणि खोलीचा उतार मोरीकडे. नळी साफ करायच्या यंत्राच्या गाड्याची चाकं उंबरठ्यावर अडली असती. आता उंबरठा नाही. दोन्ही खोल्या एका पातळीत. वडिलांनी गाड्याला एका बोटाने ढकललं. भिंतीपासून सरळ खाटेपर्यंत गेला आणि उशीशी थांबला.

"मोजलंय," ते म्हणाले. "आत्ता आमच्याकडे गाडा आहे तो शेजारच्यांचा, स्वयंपाकघरात भाजी ठेवायचा. पण चाकं तेवढीच."

पाणसळ काढून जमिनीवर ठेवली. काचेतला बुडबुडा मधोमध उभा. "आता यात दोष काढून दाखवा सिस्टर."

मी खाली बसून पाहिलं. खरंच पाहिलं. कोपऱ्यात, दाराजवळ, खाटेखाली. शेवटी म्हटलं, "खाटेच्या उजवीकडे जागा थोडी कमी आहे."

त्यांनी खाट वीतभर सरकवली. "आता?"

"आता ठीक."

यादीवर चौदा खुणा केल्या. आईने चहा दिला. कपाटावर नव्या बाळाच्या दुपट्यांची चळत होती आणि तिच्यावर एक स्टीलचा चमचा. नवा. मी विचारलं नाही.

३१ ऑक्टोबर

नवी मोजणी. एक, दोन, तीन.

बहिणीच्या दुकानातली चित्रं संपली. चौथं पाकीट मागितलं तर म्हणाली, "पार्सलवर लावायच्या पट्ट्या आहेत फक्त. 'काच, सांभाळून.' चालतील?" मुकादमला वाचता येत नाही. लाल रंग आवडला. तीन चौकोनांत 'काच, सांभाळून' लावलं आणि चौथी पट्टी वडिलांच्या कपाळावर. ते काल तशीच लावून बसने घरी गेले, असं आईने आज सांगितलं. कंडक्टरनेही त्यांना नीट उतरवलं म्हणे.

३ नोव्हेंबर

सहा. मी ॲप्रनच्या पाठच्या पट्ट्यात बोटं अडकवून उभी राहते.

५ नोव्हेंबर

आठ. आज त्यांना साबण घ्यायचा राहिला असं वाटलं. तोंडाने विचारलं. "घेतला," म्हणाले आणि तळवे वास घ्यायला माझ्या नाकाशी आणले. साबणाचाच वास. थोडा सिमेंटचा.

६ नोव्हेंबर

नऊ.

झोपायच्या आधी बहीण म्हणाली, "उद्या दहा ना?"

"हो."

"मग रडतेस कशाला?"

कांदा चिरत होते असं सांगितलं. कांदा घरात नव्हता.

७ नोव्हेंबर

घाईने लिहू नये असं ठरवलं आहे. क्रमाने लिहिते.

अकरा वाजता वडील आले. आईसुद्धा. इन्चार्ज दाराशी. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. मुकादमने एक ठोका दिला. जवळ गेले. तिने बोट गोल फिरवून दाखवलं: वळ. वळले. ड्रेसिंगच्या ट्रेमधून तिने बँडेजची गुंडाळी घेतली होती. माझे दोन्ही हात मागे ओढून तिने ते बांधले. तीन वेढे आणि एक गाठ. वडिलांनी त्या दिवशी हसत विचारलं होतं ते ती विसरली नव्हती.

इन्चार्ज म्हणाली, "नियमात बसतं." सगळे हसले.

पाच वर्षांच्या मुलीची गाठ. एका झटक्यात सुटली असती.

वडिलांनी हात धुतले, मोजे घातले. कान नेला. एरवी दोन क्षण थांबतात, आज थांबूनच राहिले. म्हणाले, "पोकळ वाजतंय."

मी आकडा पाहिला. सत्त्याण्णव. उत्तम. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी बारीक नळी आत घातली. दोन बोटांएवढी जाऊन अडली. बाहेर काढली, पाण्याचे थेंब सोडले, पुन्हा घातली. तिथेच अडली. मुकादमच्या हातातला चमचा खाली पडला. आकडा उतरायला लागला. त्र्याण्णव. नव्वद.

तिने माझ्याकडे पाहिलं. आठ महिने असं काही झालं की ती माझ्याकडेच पाहते. वडिलांकडे नाही, आईकडे नाही. माझ्याकडे.

माझा डावा हात बँडेजमधून अंगठ्यापर्यंत बाहेर आला होता. मी काढला नव्हता. आपोआप आला होता.

वडील म्हणाले, "मुकादम, इकडे. माझ्याकडे बघ. माझ्याकडे."

मी मान फिरवली. हात बांधलेले होते म्हणून नव्हे. मी तिच्याकडे पाहत राहिले असते तर तिने माझ्यावरची नजर काढली नसती. मी खिडकीकडे पाहिलं. बोटं मिटून घेतली. खिडकीच्या काचेत अस्पष्ट सगळं दिसत होतं. आईने मुलीचं डोकं धरलं, पोट खाटेच्या दांडीला टेकवून. वडिलांनी पट्टी कापली. जुनी नळी बाहेर. पेटीतली नवी आत. नळी आत सरकवण्यापुरती तिच्यात असते ती काडी ओढून काढली. ते जाड अंगठे. एकदाही थरथरले नाहीत.

मग श्वास आला. हा मला ऐकू आला. भरीव.

आकडा चौऱ्याऐंशीपर्यंत उतरला होता. शहाण्णव व्हायला मिनिटही लागलं नाही. इन्चार्जच्या हातात ऑक्सिजनचा मास्क होता आणि तिचं एक पाऊल दाराच्या आत होतं. तेवढंच.

जुन्या नळीत मसुराएवढा कडक गोळा अडकला होता. वडिलांनी तो ट्रेमध्ये पाडून मला दाखवला. "हा बघा. म्हणत होतो ना." मग भिंतीला टेकून जमिनीवरच बसले आणि मोज्यांसकट हात गुडघ्यांवर ठेवले. आई म्हणाली, "उठा, फरशी गार आहे." ते म्हणाले, "गारच नाही, एका बाजूला पोकळपण आहे. इथली बसवली कुणी?"

इन्चार्ज वही घेऊन आली. "बाई, सही."

"हात बांधलेत," मी म्हटलं.

ती माझ्या मागे गेली. मग बँडेज गुंडाळत म्हणाली, "गाठ घट्ट होती हं. सोडवताना त्रास झाला."

गाठ तेव्हा मुळी राहिलीच नव्हती. बँडेज मी मुठीत धरलं होतं.

सही केली. दहावा चौकोन. मुकादमने शेवटची पट्टी लावायला घेतली, थांबली, आणि माझ्या मनगटावर लावली. दहावा चौकोन रिकामाच राहिला. इन्चार्ज म्हणाली, चालतं.

८ नोव्हेंबर

वहीतली १२ ऑक्टोबरची नोंद खोडली. खाली लिहिलं: वडील आधी ऐकतात. इतरांनाही शिकवावं.

सकाळी सगळ्या चौदा खाटांपाशी मान वाकडी करून उभी राहिले. सात नंबरच्या आजीने विचारलं, "मान आखडली का हो सिस्टर?"

१० नोव्हेंबर

गेली.

मी सामान बांधलं. राखीव नळ्या, मोजे, घरी द्यायचं यंत्र. वडिलांना वॉर्डाचा फोन लिहून दिला. खाली माझ्या घरचाही लिहिला. म्हटलं, "काही अडलं तर कधीही. अगदी कधीही."

"आणि नाही अडलं तर?" त्यांनी विचारलं.

"मग कशाला करता?"

मुकादम आईचा हात धरून निघाली. दाराशी थांबली. चमचा वर केला. दांडी नव्हती जवळ, म्हणून ठोका देता आला नाही. मी हात मागे घेऊन उभी होते. सवय झाली आहे.

आईने मागे पाहिलं. हसली.

११ नोव्हेंबर

सहा नंबरवर नवा मुलगा. दोन महिन्यांचा, गळ्यात तशीच नळी. त्याला अजून काहीच ठोकता येत नाही. आईबाप दोघं घाबरलेले, बोलतसुद्धा नाहीत. मी दहा चौकोनांचा कागद काढला आणि पुन्हा ठेवला. अजून दोन आठवडे तरी लवकर आहे.

१४ नोव्हेंबर

फोन नाही.

१५ नोव्हेंबर

फोन नाही. घरी उचलून पाहिला. चालू आहे.

"बंद पडलेला नाही," बहीण म्हणाली. "मीही पाहिला."

१९ नोव्हेंबर

सक्काळी फोन वाजला. धावत गेले. बहिणीच्या दुकानाला कागद पुरवणारा होता. नवीन वर्षाच्या डायऱ्या आल्यात म्हणे, किती पाठवू? मी म्हटलं, मला काय विचारता. जरा तुटकच बोलले. बहिणीला मग त्याची समजूत काढावी लागली.

"त्यांचा फोन येत नाही हे चांगलंच ना ग?" ती म्हणाली.

"चांगलंच आहे."

"मग चांगलं तोंड कर."

२४ नोव्हेंबर

नव्या मुलाचे वडील शिवणकाम करतात. आज पहिल्यांदा त्यांना यंत्र दाखवलं. विचारलं, तुमच्या कामात कापड खराब निघणार हे कशावरून कळतं? ते म्हणाले, बोटांना कळतं. म्हटलं, मग आधी बोटांनी पाहा, नंतर आकडा. ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना वाटलं असणार, बाई जरा सरकलेली आहे.

२ डिसेंबर

दुपारी वॉर्डाचा फोन वाजला. इन्चार्जने घेतला. ऐकलं, आणि माझ्या हातात दिला.

वडील होते. "सिस्टर, अडलेलं नाही काही. आधीच सांगतो. बाळ झालं. मुलगा. दोघं बरी आहेत."

"आणि ती?"

"तिलाच बोलायचंय."

"बोलायचंय?"

"थांबा."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज. मग श्वास. मी डोळे मिटून मान वाकडी केली. आत, बाहेर. आत, बाहेर. मागे कुठेतरी बाळ रडत होतं आणि आई कुणाला तरी म्हणत होती, अगं हळू. मी श्वासच ऐकत राहिले. कुठेही पोकळ नव्हता.

मी म्हटलं, "मुकादम, ऐकतेय मी. येऊ का?"

मग चमच्याचे दोन ठोके. स्पष्ट, फरशीवर दिलेले. भरीव.

दोन म्हणजे जा.

फोन ठेवला. इन्चार्जने विचारलं, "काय म्हणाली?"

"सुट्टी दिली," मी म्हटलं.

मग सहा नंबरपाशी गेले. शिंप्याचे हात धुऊन झाले होते, ते वाट पाहत होते. मी भिंतीवर दहा चौकोनांचा कागद लावला आणि हात मागे घेतले.